व्यायामाची चिठ्ठी कोण लिहिणार?

मधुमेहाच्या कुठल्याही रुग्णाची फाइल उघडून पाहा. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, नाश्त्याआधी. तीन महिन्यांनी एचबीए१सी करून या. आणि सही-शिक्क्याला जागा सोडून उरलेल्या कोपऱ्यात दोनच शब्द : ‘रेग्युलर वॉक’. गोळी किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, हे सगळे लिहिलेले असते. ज्या उपायाला हेच डॉक्टर ‘गोळीइतकाच महत्त्वाचा’ म्हणतात, त्याची मात्रा मात्र रुग्णाने सोसायटीतल्या शेजाऱ्याला, व्हॉट्सअॅपला किंवा बागेच्या फाटकाबाहेरच्या कारल्याच्या रसवाल्याला विचारायची असते.

व्यायाम हे मधुमेहावरचे औषध असेल, तर ते औषधासारखेच लिहून दिले पाहिजे. मात्रा, वेळ, पथ्य आणि धोके यांसकट. ते घ्यायला जागा आणि वेळ मिळेल हे पाहणे हे नगरपालिकांचे आणि आरोग्य खात्याचे काम आहे. ‘चालायला जा’ एवढेच सांगून थांबणे म्हणजे सगळा भार रुग्णाच्या इच्छाशक्तीवर टाकून मोकळे होणे.

याला पुरावा आहे, आणि तो चांगला जुना आहे. २०११ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात टाइप २ मधुमेहींवरच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. ठरलेल्या वेळापत्रकाने, देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांचा एचबीए१सी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा टक्क्यांतला आकडा, सरासरी ०.६७ ने उतरला. आठवड्याला १५० मिनिटांहून जास्त व्यायाम करणाऱ्यांचा ०.८९ ने. ज्यांना व्यायामाचा सल्ला आणि आहाराचे मार्गदर्शन दोन्ही मिळाले, त्यांचा ०.५८ ने. आणि ज्यांना व्यायाम करा एवढाच सल्ला मिळाला, त्यांच्यात फरक दिसलाच नाही. आपल्या बाह्यरुग्ण विभागांत रोज हजारो लोकांना जे दिले जाते ते नेमके हे शेवटचे आहे.

आणि लोक थोडेथोडके नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीने २०२३ साली देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे असल्याचा अंदाज मांडला. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रासह चार भागांतल्या लोकांची शारीरिक हालचाल तपासली होती. त्यात निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के लोक, निष्क्रिय निघाले, आणि फावल्या वेळात मुद्दाम व्यायाम किंवा खेळ करणारे दहा टक्क्यांच्याही आत. यावर ‘लोक आळशी आहेत’ हे उत्तर सोपे आहे. पण दहातले नऊ जण एखादी गोष्ट करत नसतील तर दोष सगळ्यांच्या स्वभावात शोधण्याआधी ती गोष्ट त्यांना कशी सांगितली गेली आणि करायला कुठे जागा आहे, हे बघावे.

काही वर्षांपूर्वी दिवसातून दोनदाच जेवायचे आणि पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालायचे, हे सूत्र महाराष्ट्रभर पसरले. त्यातल्या आहाराच्या भागावर डॉक्टरांनी आक्षेप घेतले, आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या, म्हणजे ग्लिमेपिराइडसारख्या, गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत ते रास्तच आहेत. दोन जेवणांत दहा तासांचे अंतर, वर झपाझप चालणे आणि गोळी पूर्वीचीच, म्हणजे शुगर खाली जाण्याला आमंत्रण. पण ते सूत्र घरोघर का पोचले, याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. त्यात आकडे होते. किती मिनिटे, किती अंतर, किती वेळा. लोकांना मोजमाप हवे होते. दवाखान्याने ते दिले नाही, म्हणून त्यांनी जिथे मिळाले तिथून घेतले.

मग मोजमाप काय द्यायचे? त्यासाठी आधी स्नायू काय करतो ते पाहावे लागते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे हातापायांचे, विशेषतः मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू. एरवी स्नायूच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिन लागते, आणि टाइप २ मधुमेहात तेच नीट काम करत नाही. पण स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीतले साखर वाहून नेणारे प्रथिन इन्सुलिनच्या मदतीशिवायही पृष्ठभागावर येते आणि साखर आत घेते. इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीरात हा मागचा दरवाजा उघडाच असतो. शिवाय व्यायामानंतर स्नायू इन्सुलिनला जास्त प्रतिसाद देतात. हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको, हा नियम त्यातूनच आला. रविवारी एकदम दोन तास चालून आठवड्याचा कोटा भरणाऱ्याला बुधवारी त्याचा काहीच उपयोग उरलेला नसतो.

आता वेळ. आपल्याकडे व्यायाम म्हटले की पहाट. साडेपाचला उठून, उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता. वाईट काही नाही. हवा थंड असते, रस्ता मोकळा असतो. पण पहाटे शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके चढलेली असतात, यकृत रक्तात साखर सोडत असते, आणि उपाशीपोटी जोरात चालल्यावर काहींची शुगर उतरण्याऐवजी थोडी वाढलेली दिसते. घरी येऊन ग्लुकोमीटर लावणारा माणूस तो आकडा बघून खचतो, व्यायामाचा उपयोग नाही असे ठरवतो. त्याला आधी कोणी सांगितलेले नसते, एवढेच. दुसरीकडे, रात्री नऊ-साडेनऊला भात-पोळीचे दिवसातले सर्वांत जड जेवण करून माणूस टीव्हीसमोर बसतो आणि तिथून झोपायला जातो. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठात ४१ टाइप २ मधुमेहींवर एक साधा प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा ३० मिनिटे चालणे विरुद्ध प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालणे. एकूण मिनिटे तेवढीच. जेवणानंतर चालण्याच्या पद्धतीत जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची २२ टक्के.

शतपावली आपल्याला नवी नाही, पण शंभर पावले म्हणजे मिनिट-दीड मिनिट. औषध म्हणून ती अपुरी आहे. जेवण संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी निघावे, दहा ते पंधरा मिनिटे चालावे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना मात्र भरल्या पोटी लगेच चालताना छातीत जडपणा येऊ शकतो. त्यांनी जेवण हलके ठेवावे, तासभर थांबावे आणि आधी डॉक्टरांना विचारावे. चालण्याचा उपयोग स्वतःच्या शरीरावर बघायचा असेल तर लागोपाठ दोन दिवस तेच जेवण, तेवढेच, त्याच वेळी घ्यायचे. एक दिवस नंतर बसून राहायचे, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे चालायचे, आणि दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून दीड तासाने शुगर मोजायची. दोन पट्ट्यांचा खर्च होतो. दहा सल्ल्यांनी पटत नाही ते या दोन आकड्यांनी पटते.

दहा हजार पावलांचे खूळ इथेच निकालात काढू. तो आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विकायला काढले, त्याच्या नावातला तो आकडा. जो सध्या तीन हजार चालतो त्याने साडेतीन हजार करावे, पंधरवड्याने चार.

चिठ्ठीत चालण्याहूनही जास्त हरवलेली गोष्ट म्हणजे ताकदीचा व्यायाम. इथे आपल्या लोकांच्या शरीराची ठेवण समजून घ्यायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ‘बारीक तरी चरबीयुक्त’ शरीराकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, म्हणजे कोष्टकाच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनाचा काटा बरोबर असूनही स्नायू कमी आणि चरबी जास्त, ही आपली अडचण. अशा माणसाला ‘वजन कमी करा, चाला’ एवढेच सांगितले तर तो चालून आणि कमी खाऊन चार किलो उतरवतो, त्यातला काही भाग स्नायूंचा असतो, आणि साखर साठवायची जागाच लहान होते.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २६२ मधुमेहींवर नऊ महिने चाललेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. एका गटाने फक्त चालण्यासारखा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त वजनांचा, तिसऱ्याने दोन्ही थोडे थोडे. एकूण वेळ साधारण सारखाच. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत एचबीए१सी ठळकपणे उतरला तो फक्त तिसऱ्या गटाचा, ०.३४ ने. आकडा लहान वाटेल, पण ही माणसे गोळ्यांवर होतीच, आणि त्या गटात गोळ्या वाढवण्याची गरजही कमी पडली.

बैठका आणि जोर ज्या प्रदेशात गल्लोगल्ली तालमींत मारले जात, तिथे साठीच्या माणसाला ताकदीचा व्यायाम म्हणजे तरुण पोरांची जिम वाटावी, हे जरा विचित्रच आहे. सपाट्याने पन्नास बैठका कोणी मारायला सांगत नाही. सुरुवात खुर्चीपासून करायची. हात छातीशी बांधून, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचे आणि सावकाश, तीन आकडे मोजत बसायचे. दहा वेळा. दोन मिनिटे थांबून पुन्हा दहा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून भिंतीला रेटत जोर, तितकेच. ओट्याला धरून टाचा उचलणे, पंधरा. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या, प्रत्येकी साधारण किलोभर, कोपरातून वाकवून उचलणे आणि डोक्यावर नेणे, दहा-दहा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत. सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा-पंधरा सहज होऊ लागले की खुर्चीच्या जागी बुटके स्टूल घ्यायचे, किंवा पाठीवरच्या पिशवीत दोन किलो तांदूळ ठेवायचे. वाढ करायची हे कोणी सांगत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षे त्याच दहावर अडकतात आणि फायदा थांबतो. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. डोक्यावर हात नेताना दुखत असेल तर तेवढा प्रकार सोडून बाकीचे करावे आणि खांदा दाखवून घ्यावा.

आता औषध म्हटले की दुष्परिणाम आलेच. ते सांगायचे टाळल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. काही जणांना इजा होते. आणि एकदा चक्कर आलेला माणूस पुन्हा कधी चालायला जात नाही.

पहिला धोका शुगर खाली जाण्याचा. तो सगळ्यांना सारखा नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला खिशात साखर घेऊन फिरण्याची सहसा गरज नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला असते. त्यांनी निघण्याआधी शुगर बघावी. ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम पिष्टमय काहीतरी, म्हणजे एखादे केळे, खाऊन निघावे. घाम, थरथर, धडधड, अचानक लागलेली भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे धूसर होणे, ही लक्षणे दिसली की तिथेच थांबायचे. ७० च्या खाली शुगर असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा दीडशे मिलिलिटर साधे गोड शीतपेय. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजायचे, आणि शुगर वर आली नसेल तर परत तेवढेच. पेढा, चॉकलेट, बिस्कीट यांनी भागत नाही. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतच नाही, घाम मात्र येतो. अशा माणसाने विनाकारण आलेला थंड घाम हीच खूण धरावी. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच चालायला निघाले तर ते भरभर शोषले जाते, म्हणून त्या वेळी पोटावर घ्यावे. आणि सवय नसताना रविवारी सिंहगड चढून आलेल्याची शुगर गडावर ठीक राहून रात्री दोन वाजता उतरू शकते, कारण रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात. त्या दिवशीचे इन्सुलिन किती कमी करायचे हे डॉक्टरांनी आधीच चिठ्ठीत लिहून दिलेले असावे. रात्री दोनला फोन कोण उचलणार?

उलट बाजूही आहे. शुगर २५० च्या वर असताना, विशेषतः टाइप १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा मधुमेहात, लघवीत किंवा रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना तयार होणारी आम्ले) आहेत का ते बघितल्याशिवाय व्यायाम नको. कीटोन असताना व्यायामाने शुगर आणखी चढते आणि माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.

दुसरा धोका पायांचा, आणि माझ्या मते आपल्याकडे हाच सर्वांत दुर्लक्षित. ‘सकाळी हिरवळीवर अनवाणी चाला’ हा सल्ला इतक्या प्रेमाने दिला जातो की त्यात काही घातक असेल असे कोणाला वाटत नाही. पण ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला काटा, काच, बाटलीचे झाकण यांतले काहीच टोचत नाही. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून घरी आल्यावर मोज्याला लागलेले पाणी बघून फोड कळतो. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि मागे राहिल्याचे लक्षातच येत नाही, ही बधिरपणाची जुनी, खात्रीची खूण. पंढरीच्या वाटेवर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांत मधुमेही पुष्कळ असतात, काही अनवाणीही. त्यांचे पाय निघण्याआधी तपासणे हे पाय चिघळल्यावर मलमपट्टी करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

तपासणी अवघड नाही. दवाखान्यात १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून बघतात. तो नसेल तर घरीही करता येते. डोळे मिटून झोपायचे, दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा, दाबायचे नाही, आणि कुठे हात लागला ते विचारायचे. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळले नाही तर संवेदना कमी झाली असे समजून डॉक्टरांकडे जावे. अशा माणसाचा व्यायाम बंद करायचा नसतो, बदलायचा असतो : लांब चालण्याऐवजी स्थिर सायकल, खुर्चीतले व्यायाम, पायाला जखम नसेल तर पोहणे. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. मोजे पांढरे, म्हणजे रक्ताचा डाग दिसतो. घालण्याआधी बुटात हात फिरवून खडा बघायचा. नवे बूट पहिल्या दिवशी तासभरच. एमसीआर रबराच्या चपला मिळतात, त्या मागच्या पट्ट्यासह घ्याव्यात. आणि एक पाय गरम, लाल, सुजलेला दिसला पण दुखत नसेल, तर तो मुरगळला असे समजून त्यावर चालत राहू नये. आतली हाडे ढासळत असू शकतात. त्याच दिवशी दाखवावे.

डोळ्यांचे थोडक्यात. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जड वजने, श्वास कोंडून जोर, उड्या, आणि शीर्षासन-सर्वांगासन-हलासन हे सर्व बंद. तिथे रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. योगवर्गात शिरताना डोळ्यांच्या तपासणीचा कागद मागणारा शिक्षक विरळा. हृदयाचे असे, की बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात छातीत दुखण्याची जाणीवच बोथट होते. नेहमीच्या चढावर अचानक लागलेली धाप किंवा जबडा-खांदा भरून येणे हेच लक्षण असते. वर्षानुवर्षे बसून असलेल्या आणि आता जोरात सुरुवात करू पाहणाऱ्याने ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सावकाश चालायला मात्र कुठल्याही परवानगीची वाट बघू नये.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, तीन मिनिटांत एक रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने हे केव्हा सांगायचे? आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे काम डॉक्टरचे एकट्याचे नाही. न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून ‘हिरवी चिठ्ठी’ नावाची सोय आहे : डॉक्टर किंवा परिचारिका व्यायामाची चिठ्ठी लिहून देते, आणि पुढचा पाठपुरावा क्रीडासंस्थेतली माणसे फोनवरून किंवा भेटून करतात. आपल्याकडे त्याचा सांगाडा आधीच उभा आहे, याकडे कोणी बघत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तपासणी अर्ज आशाताई घरी येऊन भरतात. त्यात कंबरेचा घेर विचारतात, तंबाखू विचारतात, आणि आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का हेही विचारतात. ‘नाही’ म्हटले की एक गुण वाढतो आणि एकूण गुण चारच्या वर गेले की माणूस तपासणीला पाठवला जातो. तिथे शुगर सापडली की गोळी सुरू होते. त्या ‘नाही’चे पुढे काय करायचे, याला अर्जात रकाना नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, योगाची सत्रेही होतात. त्याच माणसांना नायलॉनचा तंतू, छापील चिठ्ठीचे पॅड आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले तर वर लिहिलेले बहुतेक सगळे तिथे होऊ शकते.

चिठ्ठी सरसकट एक असूनही चालणार नाही. ऊसतोडणी करणारा, बाजार समितीत पोती वाहणारा, दिवसभर खुरपणारी बाई, यांना ‘चालायला जा’ सांगणे ही चेष्टा आहे. त्यांना व्यायाम नको, कामाच्या मध्ये ठरलेल्या वेळी खाणे, सावलीत पाणी आणि पायात धड बूट हवेत. त्यांचा खरा धोका दुपारी फडात शुगर उतरण्याचा. शहरातल्या गृहिणीचे उलट. ‘दिवसभर घरकाम करते, तोच व्यायाम’ हे तिला आणि घरच्यांनाही सोयीचे वाटते, पण त्यातले बरेचसे ओट्याशी उभे राहणे असते. तिची सकाळ डबे आणि पाण्याच्या वेळेत जाते. तिला मिळाला तर रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास. आणि शाळेतल्या टाइप १ च्या मुलाला खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवणाऱ्या शिक्षकाला कोणीतरी सांगावे, की वासिम अक्रम १९९७ मध्ये टाइप १ चे निदान झाल्यावरही २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला. मुलाला मैदानावर सोडायचे, दप्तरात ग्लुकोज ठेवायचे आणि त्याने मागितल्यावर अडवायचे नाही, एवढेच करायचे असते.

आता जागा. ज्या वेळी चालण्याचा सर्वाधिक उपयोग, त्याच वेळी आपल्या उद्यानांना कुलूप असते. बहुतेक महापालिकांच्या बागा सकाळी काही तास, संध्याकाळी काही तास उघडतात आणि रात्री साडेआठ-नऊच्या आत शिट्टी वाजते. मुंबईच्या शिवाजी पार्कभोवती रात्री उशिरापर्यंत चालणारे दिसतात, कारण ते मैदान मोकळे आहे. कट्ट्यालगतची एक फेरी किलोमीटरभराहून थोडी मोठी, म्हणजे जेवणानंतरची मात्रा एका फेरीत पुरी. बाकीच्यांनी रस्त्यावर चालावे, तर पदपथ कुठे आहे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वस्तीच्या भागात पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघे दुखणाऱ्या, पायाची संवेदना गेलेल्या, रात्री कमी दिसणाऱ्या माणसाला फूटभर उंच, मध्येच डीपी बॉक्सने अडलेला पदपथ हा अडथळ्यांच्या शर्यतीचा प्रकार आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केल्यावर तिथे म्हातारी माणसे चालताना दिसू लागली. ते काम एका रस्त्यापुरते राहू नये.

बागांतल्या ‘ओपन जिम’बद्दलही बोलले पाहिजे, कारण नगरसेवकांचा निधी तिथे जातो. झुलत्या पायांची आणि हवेत चालण्याची जी यंत्रे बसवतात, त्यांतल्या बहुतेकांत वजन वाढवण्याची सोयच नसते. त्यावर पाच मिनिटे झुलून अंग मोकळे होईल, स्नायू वाढणार नाही. त्याच पैशांत तीन वेगवेगळ्या उंचीची मजबूत बाके, धरायला एक कठडा, सपाट उजेडाची वाट आणि बाकांवर काय करायचे याची मराठीत चित्रे असलेली पाटी बसली तर साठीच्या माणसाचे जास्त भले होईल.

व्यायामाकडून काय मिळणार नाही, हेही चिठ्ठीत असावे. अमेरिकेत ५,१४५ मधुमेहींवर चाललेली ‘लुक अहेड’ ही मोठी चाचणी २०१२ साली थांबवावी लागली, कारण आहार आणि व्यायामाच्या कडक कार्यक्रमाने वजन आणि शुगर उतरली तरी हृदयविकाराचे झटके आणि त्यातले मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. म्हणजे चालतो म्हणून रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी सोडायची नाही. दुसऱ्या बाजूला, चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या भारतीयांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेह होण्याची शक्यता २८.५ टक्क्यांनी कमी झाली, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र देऊन जास्त काही साधले नाही. त्या अभ्यासातही नुसता सल्ला देऊन सोडले नव्हते. माणसांशी दर महिन्याला फोनवर बोलणे होत होते आणि सहा महिन्यांनी भेट.

असा फोन करायला आरोग्य मंदिरात एक माणूस, दुपारचा एक तास आणि नोंदवही लागते. महापालिकेला बागेचे फाटक रात्री साडेदहापर्यंत उघडे ठेवायला एका रखवालदाराची जादा पाळी आणि चालू दिवे लागतात. पुढच्या अंदाजपत्रकात नव्या व्यायाम-यंत्रांची तरतूद मांडली जाईल तेव्हा या दोन ओळी आधी मागाव्यात.